मोटरसायकलचं इंजिन घरी बांधलेल्या किट कारमध्ये बसवता येईल का?

तुम्ही विचारलंय की अपघातात गेलेल्या केटीएम ३९० ड्यूकचं इंजिन मिळतंय, ते लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर घरी बांधलेल्या दोन सीटच्या गाडीत बसेल का, आणि ती गाडी पेडण्याहून पणजीला रोज नेता येईल का. बसेल. रोज नेता येणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचं आधी उरकतो, कारण पैसे किती घालायचे ते त्यावर ठरतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून पास व्हावा लागतो. त्या चाचण्या कारखान्याला परवडतात, आपल्याला नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकटी गाडीही तपासून तिला नंबर देतात, म्हणून तिथे किट कारचा, म्हणजे सुटे भाग घेऊन घरी जोडायच्या गाड्यांचा, धंदा चालतो. आपल्याकडे ती सोय नाही. "जुन्या मारुतीच्या आरसीवर चालव रे, कोण बघतो" असं सांगणारे गॅरेजात हमखास भेटतील. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षी आलेल्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर उद्या कुणाला धडक बसली तर विमा कंपनी हात वर करेल ते वेगळंच. तेव्हा ही गाडी स्वतःच्या जागेत चालवायची, नाहीतर ट्रेलरवर घालून कोइम्बतूरच्या करी स्पीडवेसारख्या ट्रॅकवर न्यायची, असं धरूनच पुढे वाचा.

आता इंजिन. माझं फोंड्याकडे लेथचं काम आहे, त्यामुळे असली कामं अधूनमधून येतात. लोक अश्वशक्तीचं विचारतात. मी विचारतो, गाडी किती किलोची? बाईकचं इंजिन दीडशे-पावणेदोनशे किलोच्या आणि वळताना कलणाऱ्या वाहनासाठी बनवलेलं असतं. तुमची गाडी तिप्पट जड असणार आणि कलणार नाही. पुढची सगळी डोकेदुखी या दोन गोष्टींतून येते.

वजनाचं बघा. ३९० चा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ओढ, सुमारे ३७ न्यूटन मीटर, तोही सात हजार आरपीएमला. मारुती ८०० चं इंजिन ताकदीला त्याहून कमी, पण साठाच्या आसपास न्यूटन मीटर अडीच-तीन हजारालाच देतं. चढावर जागेवरून उचलायची वेळ आली की फरक कळतो: बाईकचा क्लच तेलातला, पातळ प्लेटांचा. साडेचारशे किलोची गाडी अर्ध्या क्लचवर दोन-तीनदा चढवली की जळका वास येतो. कडक स्प्रिंगा घालून थोडं भागतं, खरा उपाय गिअरिंग. इथे छोटं चाक कामाला येतं. ड्यूकच्या मागच्या १५०/६० आर१७ टायरचा व्यास साधारण ६१ सेंटिमीटर, मारुती ८०० च्या १४५/७० आर१२ चा ५१. म्हणजे गिअरचे दात तेच ठेवले तरी ओढ एक षष्ठांशाहून जास्त वाढते. चाकाचा एक फेरा १.६ मीटर. प्रायमरी (क्रँक आणि क्लच यांच्यामधली गिअरजोडी), टॉप गिअर आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ओढ वाटून वळणात वेगवेगळी फिरू देणारी गिअरपेटी) मिळून एकूण गुणोत्तर ८ आलं, तर ९,००० आरपीएमला ताशी १०८ किलोमीटर. तुमच्या गाडीला ते पुष्कळ झालं.

डिफरन्शियल कुठून आणायचं? मारुती ओम्नीचा मागचा अॅक्सल. भंगारात मिळतो, प्रॉपेलर शाफ्टही त्याच गाडीचा. गुणोत्तर विकणाऱ्याला विचारू नका. दोन्ही चाकं उचलून एकदम एक फेरा फिरवा आणि पुढचा फ्लँज किती फेरे फिरतो ते खडूची खूण करून मोजा.

सेव्हनसारखं इंजिन पुढे ठेवायचं तर ते काटकोनात फिरवून त्याची डावी बाजू, जिथे चेन ओढणारी दातेरी चकती म्हणजे स्प्रॉकेट असतं, मागे करावी लागते, आणि स्प्रॉकेटच्या जागी शाफ्टचा फ्लँज येतो. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. स्वस्तात उरकायचं म्हणून स्प्रॉकेटचे दात घासून त्यावर फ्लँज वेल्ड करतात. पण स्प्रॉकेट कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या कडेला ते ठिसूळ होतं आणि वेल्ड एका बाजूनं ओढली की केंद्रही सरकतं. त्यापेक्षा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत वायरकटवर (विजेच्या तारेनं धातू कापणाऱ्या मशीनवर) ईएन २४ या मजबूत पोलादाच्या तुकड्यात स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या खाचा, कापून घ्या, मग बाहेरचा फ्लँज लेथवर त्याच स्प्लाइनच्या केंद्रावरून काढा. बसवल्यावर डायल गेज लावा. काटा पाच शतांश मिलिमीटरहून जास्त हलला तर परत लेथवर. चेन एका बाजूला ओढते, तेवढंच सोसायला गिअरबॉक्सचं बेअरिंग बनवलेलं असतं. वाकडा शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला त्याला हादरे देतो. म्हणून शाफ्टला पुढे एक आधाराचं बेअरिंग हवंच.

हे सगळं टाळायचं तर इंजिन मागे, बाईकमध्ये असतं तसंच आडवं, आणि चेन. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या कूपर बापलेकांनी जॅप कंपनीचं मोटरसायकल इंजिन घालून छोट्या रेसकार बनवल्या, त्यातही चेनमुळेच इंजिन मागे गेलं. पुढे १९५९ साली मागे इंजिन असलेल्या कूपरनं फॉर्म्युला वनचं विजेतेपद मिळवलं, आणि मग सगळ्यांचीच इंजिनं मागे गेली. मला स्वतःला हीच मांडणी पटते. अडचण एकच, चेनवर चालणारं डिफरन्शियल बाहेरून मागवावं लागतं आणि ते महाग पडतं.

आता कलण्याचं. बाईक वळणात कलते तेव्हा तेल संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळालाच राहतं. गाडी कलत नाही, तेल बाजूला चढतं आणि पंपाला हवा मिळते. या इंजिनात तेल दीड-पावणेदोन लिटरच, त्यामुळे एका लांब वळणात एवढं व्हायला वेळ लागत नाही. सड्यावर आम्ही एका मित्राची गाडी गोल फिरवत होतो तेव्हा तेलाच्या दाबाचा दिवा नुसता मिणमिणला, पण शेजारी लावलेल्या यांत्रिक गेजचा काटा शून्याला टेकला होता. दिव्यावर विसंबू नका, काट्याचं गेज लावा. संप उघडून आत पिकअपभोवती (पंप तेल ओढतो त्या तोंडाभोवती) पत्र्याच्या आडव्या भिंती आणि एकाच बाजूला उघडणारी झडप घाला. तेल थोडं जास्त भरूनही चालतं, अगदी थोडं. ट्रॅकवर जोरात चालवणार असाल तर ड्राय संप, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवायची सोय, पण त्याचा खर्च इंजिनाच्या किमतीच्या वर जाईल.

फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजांच्या रेसकार बनवण्याच्या स्पर्धेतली पोरं हेच इंजिन वापरतात म्हणून कोणी सांगेल. खरं आहे, तिथे ७१० सीसीपर्यंत मुभा असते. पण त्या गाड्या तुमच्यापेक्षा खूप हलक्या, आणि त्यांना वाड्यावरच्या गल्लीतून मागे यायचं नसतं. बाईकला रिव्हर्स नाही. स्वस्त उपाय म्हणजे शाफ्टवर रिंग गिअर बसवून त्याला कारचा स्टार्टर लावायचा, न्यूट्रल असेल तरच चालेल असं स्विच घालून. गाडी दहा-पंधरा फूट मागे घ्यायला पुरतो.

रेडिएटर बाईकचा ठेवू नका, मोठा आणि पंखेवाला घ्या. चेसिसच्या नळ्या बंद करण्याआधी आतून गंजरोधक ओता, खाऱ्या वाऱ्यात नळी आतून जाते आणि बाहेरून कळत नाही. ब्रेक मात्र दोन सर्किटचे (एक निकामी झालं तरी दुसरं धरेल असे) आणि हँडब्रेक वेगळा, यात काटकसर नको.

इंजिन घेताना त्याच बाईकचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग, मीटर, किल्लीचं लॉक आणि टिल्ट सेन्सर (बाईक आडवी झाली की इंजिन बंद करणारा), सगळं एकत्र उचला. सेन्सर बाईकवर असतो त्याच दिशेनं उभा बसवा, नाहीतर बाईक पडली असं समजून इंजिन सुरूच होणार नाही. साइड स्टँडचं आणि क्लचचं स्विचही जुळवून द्यावं लागतं. आणि विकणाऱ्याकडून बिल व रद्द झालेल्या आरसीची प्रत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिनावरचा नंबर त्या प्रतीशी तिथेच ताडून बघा, चोरीच्या बाईकचा निघाला तर पोलिस ठाण्याच्या फेऱ्या तुम्हाला.