अंबडला व्हीएमसी टाकण्याआधी रोखीचा तक्ता मांडा

तुम्ही विचारलंय की तुम्ही दोघा मित्रांनी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन व्हीएमसीवर (धातूचे भाग कापून घडवणारं संगणकावर चालणारं मशीन) जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे भाग मजुरीवर करून देणं, सुरू करायचं ठरवलंय, सीएने प्रोजेक्ट रिपोर्ट करून दिलाय, तर एवढं नियोजन पुरे का. माझ्या मते नाही. तो रिपोर्ट बँकेसाठी असतो. त्यात पाच वर्षांचा नफा दिसतो, तिसऱ्या महिन्यात ऑपरेटरचा पगार कुठून द्यायचा ते दिसत नाही.

म्हणून आधी एका वहीत महिनावार फक्त येणारी आणि जाणारी रोख लिहा. समजा भाडं, वीज, पगार, टूलिंग (मशीनची कापायची हत्यारं) आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला १,८०,००० रुपये जातात. एप्रिलभर काम केलं, महिनाअखेरीस बिल दिलं आणि ४५ दिवसांनी पैसे आले, तर जूनचा मध्य उजाडतो. तोवर साडेचार लाख खर्च झालेले असतात. सॅम्पल पास होण्यात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. जीएसटी नोंदणी असेल आणि दरमहा रिटर्न भरत असाल, तर गिऱ्हाइकाने पैसे दिलेले नसले तरी बिलावरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. त्यासाठीची उद्यम नोंदणी (सरकारदरबारी छोटा उद्योग म्हणून नोंद) मोफत आहे, पहिल्या बिलाआधीच करून टाका. तरीही तक्त्यात ९० दिवसच धरा. कारण पुढचं शेड्यूल, म्हणजे पुढच्या ऑर्डरी, बंद होतील या धास्तीने छोटा पुरवठादार तक्रार करायला धजत नाही.

पीएमईजीपीतून (नव्या छोट्या उद्योगांना सबसिडी देणारी केंद्र सरकारची कर्ज योजना) कर्ज घेणार असाल तर सबसिडी हातात येणारी रोख समजू नका. ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते आणि पडताळणी झाल्यावर कर्जात वळती होते.

भागीदारीचा करार लेखी करा, त्यात एकजण बाहेर पडला तर काय, हे नक्की लिहा.

आणि मशीन बुक करण्याआधी एक-दोन ऑर्डरी मिळवून सातपूर-अंबडमध्ये ज्यांच्या मशीनला रिकामे तास आहेत त्यांच्याकडून तासाच्या दराने करून घ्या. मार्जिन फारसं उरणार नाही. पण खरा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ), रिजेक्शन (किती नग नापास होतात) आणि तो गिऱ्हाईक पैसे कधी देतो, हे कर्ज डोक्यावर नसताना कळेल. त्या आकड्यांवर तक्ता पुन्हा मांडा, मग बँकेत जा.