घरातल्या घरात आभारप्रदर्शन?

प्रिय ताई,

माझं वय ४२. मागच्या वर्षी जिन्यावरून घसरून पडले आणि पायाचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, साडेतीन महिने अंथरुणाला खिळून होते, नंतर वॉकर, मग काठी. आता पुन्हा कामावर रुजू झालेय.

त्या काळात घरच्यांनी माझं सगळं केलं. सुरुवातीला बेडपॅनसुद्धा नवऱ्याने काढलं. पंधरा वर्षांच्या मुलाने एका शब्दाने कुरकुर केली नाही. सासूबाईंशी माझं कधीच फारसं जमलं नाही, पण स्वतःचे गुडघे दुखत असताना त्या वाकून माझं अंग पुसून द्यायच्या. ओला टॉवेल मला लावण्याआधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायच्या, फार गरम नाही ना म्हणून. नणंदेने फोनवरून विम्याचं वगैरे पाहिलं. मध्येच एकदा ‘सगळं मलाच निस्तरावं लागतं’ यावरून नवरा आणि सासूबाई यांच्यात कडाक्याचं भांडण झालं. मी आतल्या खोलीत पडून ते ऐकत होते.

पुढच्या महिन्यात सगळे एकत्र जमणार आहोत, तेव्हा चार शब्द बोलावेत असं मनात आलं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, “आता घरातल्या घरात आभारप्रदर्शन करणार का?” सासूबाईंना एकदा “तुम्ही माझं खूप केलंत” म्हणाले, तर “मी माझं कर्तव्य केलं” एवढंच बोलून त्या उठून गेल्या. मी खट्टू झाले. आणि खरं सांगू? त्यांचे आभार मानले तर इतकी वर्षं त्या मला जे टोचून बोलल्या ते सगळं पुसलं जाईल, अशी भीती वाटते. ते मला पुसायचं नाहीये. काय करू?

— मनात राहिलेलं सांगू पाहणारी

प्रिय मैत्रिणी,

नवऱ्याचं हसणं आधी मनातून काढून टाका. आभार परक्यांचे मानायचे, आपल्या माणसांचे नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून ऐकलंय आणि त्यात तथ्य आहेच. आभार मानले की हिशेब चुकता झाला असं वाटतं, आणि घरच्यांशी हिशेब चुकता करायचा नसतो. ज्याने बेडपॅन काढलं त्याला चारचौघांत उभं राहून चार शब्द ऐकवले तर तो अवघडणारच. पण यावरून काहीच बोलायचं नाही असा अर्थ काढला जातो, तो मला अजिबात मान्य नाही. ‘त्यांना माहीत आहेच की’ असं आपण म्हणतो. नसतं माहीत! आजाऱ्याचं करणारा माणूस रात्री उठून तुमच्या उशाशी येऊन बघून जातो, तेव्हा तुम्ही झोपला आहात असंच त्याला वाटत असतं. तुम्ही जाग्या होतात आणि त्याचा तुम्हाला आधार वाटला, हे त्याला तुमच्याशिवाय कोण सांगणार?

तुम्हाला वाटतोय तो संकोच जवळपास प्रत्येकाला वाटतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी लोकांना आपल्या आयुष्यातल्या कुणाला तरी कृतज्ञतेचं पत्र लिहायला सांगितलं आणि ते वाचून त्या माणसाला काय वाटेल याचा अंदाज करायला लावला. मग पत्र मिळालेल्यांना प्रत्यक्ष विचारलं. लिहिणाऱ्यांनी धरलं होतं त्यापेक्षा त्यांना जास्त आनंद झाला होता, आणि लिहिणाऱ्यांना धास्ती होती तेवढं अवघडल्यासारखं झालंच नव्हतं. लिहिणाऱ्याचा जीव ‘शब्द नीट जमतायत ना’ यात अडकलेला असतो. वाचणाऱ्याला शब्दांचं एवढं काही नसतं, त्याला त्यातली माया दिसते.

मग सासूबाईंच्या बाबतीत असं का झालं? तुमचं पत्र वाचताना मी टॉवेलच्या त्या वाक्यापाशी थांबले. गुडघे दुखत असताना वाकणं, टॉवेल आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघणं. इतकं बारीक तुम्ही पाहिलंत, वर्षभर लक्षात ठेवलंत आणि मला लिहून कळवलंत. त्यांना मात्र काय सांगितलंत? “तुम्ही माझं खूप केलंत.” त्या ‘खूप’मध्ये मनगट नाही, टॉवेल नाही, गुडघे नाहीत. ते वाक्य कुणालाही म्हणता येतं, आणि त्याला कुणीही “कर्तव्य केलं” असंच उत्तर देईल. दुसरं काय म्हणणार?

मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांना एकमेकांचे आभार मानायला सांगून त्याचं निरीक्षण केलं होतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की ‘माझी किती सोय झाली, मला किती बरं वाटलं’ यापेक्षा समोरच्याने काय केलं आणि त्यातून तो कसा माणूस आहे हे दिसलं, असं बोलणं ऐकणाऱ्याला जास्त भिडतं. म्हणजे बोलण्यात ‘मी’ कमी आणि ‘तू’ जास्त.

सासूबाईंना सांगायचं ते एवढंच: “तुम्ही टॉवेल आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचात. गुडघे दुखत असतानाही वाकायचात. मला ते दिसत होतं.” इथेच थांबा. ‘आपलं पटत नसलं तरी’ असं शेपूट लावू नका, त्याने आधीचं सगळं बोलणं वाया जाईल. ‘आईसारखं केलंत’ असंही मनापासून वाटत नसेल तर म्हणू नका. मोठा शब्द आला की तो खरा आहे का हे माणूस चाचपडून बघतं, आणि त्यांच्यासारख्या बाईला तो पोकळ आहे हे लगेच कळेल. समोरासमोर बसून, डोळ्यांत डोळे घालून सांगायची गरज नाही. कपड्यांच्या घड्या घालताना, दोघींची नजर कामात असताना सांगा. त्यांनी उत्तर द्यावं अशी अपेक्षा ठेवू नका. त्या पुन्हा ‘कर्तव्य’ म्हणाल्या तर “हो, पण टॉवेल कर्तव्यात येत नाही” एवढं म्हणून विषय सोडा.

आता तुमची भीती. ती मला पूर्णपणे पटते. घरात जे दुखावलं गेलंय त्यावर कृतज्ञतेची चादर घालायचा सल्ला बायकांना फार दिला जातो. मी तो देणार नाही. त्यांनी तुमचं अंग पुसलं हे खरं आहे आणि त्या वर्षानुवर्षं टोचून बोलल्या हेही खरं आहे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही. आभार मानणं म्हणजे माफ करणं नव्हे. उद्या त्या पुन्हा काही लागेल असं बोलल्या तर “हे मला लागलं” असं म्हणायचा तुमचा हक्क जसाच्या तसा शाबूत आहे. टॉवेलचं ऋण आठवून तो गिळून टाकू नका. आणि तुम्ही चांगलं बोललात म्हणून त्या बदलतील, असंही मनात धरू नका. बदलल्या तर आनंदच आहे.

त्या उठून गेल्या त्याकडे जरा वेगळ्या बाजूनेही बघा. जी भीती तुम्हाला आहे तीच कदाचित त्यांनाही असेल. सुनेकडून कौतुक स्वीकारायचं म्हणजे आपण आधी कसे वागलो तेही आठवायचं. असं काही समोर आलं की माणसं कर्तव्याच्या आडोशाला जातात. हा माझा अंदाज आहे, त्यांना तुम्ही जास्त ओळखता. पण त्या चिडून काही बोलल्या नाहीत, नुसत्या उठून गेल्या, हे मला बोलकं वाटतं.

नवऱ्याला काय सांगायचं हे मी सुचवणार नाही. बेडपॅनचे ते दिवस तुमच्या दोघांचे आहेत. पहिल्या दिवशी तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल, तेव्हा तो काय बोलला किंवा काय बोलला नाही, कुठे बघत होता, हे तुम्हाला आठवत असेल. तेच सांगा. मात्र एक करू नका: ‘मी तुमच्यावर ओझं झाले’ हे त्यात मिसळू नका. अनेक आजारी माणसं आभार मानायला जातात आणि माफी मागत बसतात. मग ज्याचं कौतुक व्हायचं त्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं, “छे, ओझं कसलं!” म्हणजे पुन्हा काम त्याच्याच गळ्यात.

आणि ते भांडण. तुमच्या कानावर पडलं म्हणून तुम्हाला ते फार लागलं असणार, पण ते तुमच्याविरुद्ध नव्हतं. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं होतं, घरातल्या कामांत तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज एकूण कामापेक्षा जास्त भरली. कुणी खोटं बोलत नव्हतं. स्वतः केलेलं आपल्याला सहज आठवतं, कारण ते करताना आपण तिथे असतो. दुसऱ्याने केलेलं बरंचसं आपल्या पाठीमागे होतं. तुमच्या घरात दोन दमलेली माणसं होती आणि दोघांनाही आपापले कष्टच दिसत होते. तुम्ही पलंगावर होतात म्हणून तुम्हाला दोघांचेही दिसले. म्हणूनच दोघांना हे सांगायला तुमच्याइतकं योग्य माणूस त्या घरात दुसरं नाही. फक्त तुलना करू नका, ‘तुझ्यापेक्षा त्यांनी’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

याच कारणासाठी पुढच्या महिन्यातलं भाषण मला नको वाटतं. सगळ्यांसमोर बोललं की नावांचा क्रम आला, कुणाला किती वाक्यं आली याची मोजदाद आली, आणि कुणीतरी राहून जायचं. ज्याचं त्याला एकेकटं गाठून सांगा.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मते बोलण्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती करायला लोक घाबरतात. त्यांना विचारा, “ते दिवस तुला कसे गेले?” करणाऱ्याचा थकवा, चिडचिड, भीती हे त्या काळात बोलायची सोय नसते, आजारी माणसासमोर तर नाहीच. नवरा कदाचित म्हणेल की मला कधीकधी घरी यावंसंच वाटायचं नाही. ऐकायला अवघड आहे. पण ते ऐकून तुम्ही दुखावल्या नाहीत, “हो, येत असेल कंटाळा” एवढंच म्हणालात, तर त्याच्या मनावरचं केवढं तरी उतरेल. त्याने काय केलं ते तुम्ही पाहिलंत, आता ते त्याला किती जड गेलं तेही तुम्ही समजून घ्याल.

मुलाला तर हे विचाराच. पंधराव्या वर्षी कुरकुर न करणं हे मला थोडं काळजीचंही वाटतं. कुरकुर न करणारं मूल बरेचदा घाबरलेलं असतं. तुम्ही आडव्या पडून होतात, आजी आणि बाबा भांडत होते, आणि तो सगळं बघत होता. ‘किती गुणी माझं बाळ’ हे त्याला नको असेल, या वयात मुलं त्याने पळतातच. त्याने केलेलं एखादं काम नाव घेऊन सांगा. तोंडावर जमत नसेल तर मेसेज करा, तो उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवेल, तेवढं पुरे. पण मग कधीतरी दोघंच असाल तेव्हा “तुला भीती वाटली होती का रे?” हेही विचारा, आणि तो “नाही” म्हणाला तर लगेच खरं धरू नका.

राहिली नणंद. तिच्या वाट्याला तुमच्या पत्रात एकच वाक्य आलंय, “विम्याचं वगैरे पाहिलं.” त्या ‘वगैरे’त काय काय असेल याचा मी विचार करत होते. विमा कंपनीला वेळेत कळवायचं, हॉस्पिटलची बिलं आणि डिस्चार्जचे कागद गोळा करायचे, दाव्याचा अर्ज भरायचा, एखादा कागद कमी पडला की पुन्हा पाठवायचा, मंजुरी कुठे अडलीय ते विचारत राहायचं. हे काम कुणाला दिसत नाही. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ साली घरातल्या अशाच कामाची फोड केली होती: पुढे काय लागेल ते आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. त्यांनी अभ्यासलेल्या जोडप्यांत आधीच ओळखण्याचं आणि लक्ष ठेवण्याचं काम जास्त करून बायकांच्याच डोक्यावर होतं. तुमच्या घरी ते काम दूर राहणाऱ्या नणंदेने केलं. ती तुमच्या पलंगाशी नव्हती म्हणून ते तुम्हाला दिसलं नाही, तुमचा दोष नाही. सगळे जमायच्या आधी तिला फोन करा. आभाराने सुरुवात करू नका. दावा मंजूर होईपर्यंत तिला नेमकं काय काय करावं लागलं ते विचारा, ती सांगेल ते सगळं ऐका, आणि मग तुम्हाला जे म्हणावंसं वाटेल ते म्हणा.

तुमची,
ताई