शेवटचे दोन पर्याय आणि बाबांची रिक्षा

"मॅडम, शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी नेमका चुकीचाच निवडते. लॉजिकलची बुद्धीच नाहीये मला." क्लॅट, म्हणजे कायद्याच्या पदवीची प्रवेश परीक्षा, देणाऱ्या मुलांकडून हे मी दर वर्षी ऐकते. या वेळी बोलणारी बारावीतली होती, ठाण्यातल्या वागळे इस्टेटहून माझ्याकडे नौपाड्याला आलेली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

१२० मिनिटांत १२० प्रश्न, त्यातले २२ ते २६ लॉजिकलचे, म्हणजे तर्काचे, आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा. क्लासमध्ये तिला आणखी मॉक (सराव पेपर) सोडवायला सांगितलं होतं. मी मॉकचा गठ्ठा बाजूला सारला आणि कागदावर एकच युक्तिवाद लिहिला: 'तलावपाळीवर संध्याकाळी रिक्षा बंद केल्या, तर फिरायला येणाऱ्यांना सुखाने चालता येईल.' यामागचं गृहीतक कोणतं?

अ) रिक्षांमुळे तिथे चालायला त्रास होतो.
ब) रिक्षावाल्यांना दुसरीकडे धंदा मिळेल.

तिने लगेच 'ब'वर खूण केली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाबांची रिक्षा तिथेच लागते."

"बरं, 'ब' उलटा कर. दुसरीकडे धंदा मिळणार नाही, असं धर. चालणाऱ्यांचं काही बिघडलं?"

"नाही."

"आता 'अ' उलटा कर."

ती थोडी थांबली. "रिक्षांचा त्रासच नसेल, तर बंदी घालून चालणं सुखाचं कसं होईल?"

हीच ती कसोटी. जो पर्याय उलटवल्यावर युक्तिवाद कोसळतो, ते गृहीतक. दोन पर्यायांत अडकल्यावर याहून भरवशाची रीत मला तरी सापडलेली नाही.

पण तिचा चेहरा पडलेलाच. "मग बाबांचं काय?"

बुद्धी कमी नव्हतीच. ती वेगळ्याच, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाच्या, प्रश्नाचं उत्तर देत होती. तसं मी तिला सांगितलं. "वकील झालीस की हा प्रश्न नक्की विचार. पेपर मात्र एवढंच विचारतोय, की हे वाक्य कशावर उभं आहे."

त्या दिवसापासून चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ती वहीत दोन रकाने भरू लागली: 'परिच्छेद काय म्हणतो' आणि 'मला काय वाटलं'. तीन आठवड्यांनी वही घेऊन आली. लॉजिकलच्या २४ प्रश्नांत ७ चुकले होते. त्यातल्या पाचांपुढे पहिला रकाना कोरा होता आणि दुसरा भरलेला. हे मी दाखवायच्या आधीच तिने त्या पाचांवर लाल पेनाने गोल केले होते.