वाचक विचारतात: त्यांचा ऑफ-सीझन, आपली सुट्टी

प्रश्न: ताई, तारकर्लीला आमचं घरगुती होमस्टे आहे, चार खोल्या. दिवाळीपासून २६ जानेवारीपर्यंत मान वर करायला वेळ नसतो, मग मे महिन्याच्या गर्दीपर्यंत जरा श्वास मिळतो. येत्या फेब्रुवारीत मी आणि बायको पंधरा दिवस युरोपला जायचं म्हणतोय, पण समुद्र सोडून आम्हाला करमत नाही. सगळे सांगतात की थंडीत तिकडचे किनारे बंद असतात, पैसे पाण्यात जातील. खरंय का? आणि ताजे मासे मिळतील ना?
- एक वाचक, तारकर्ली

उत्तर: दादा, अर्धं खरंय. तुमच्याकडे जुलैत काय होतं ते आठवा, किल्ल्याच्या होड्या वर ओढलेल्या, स्कूबा बंद, पाहुणा नाही, पण मालवणचा बाजार सुरूच असतो ना? शाळा, बँक, एसटी सगळं सुरू. तिकडेही तसंच, फक्त उलटं, म्हणजे उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीत. इटलीतलं पोझितानो किंवा ग्रीसचं सांतोरिनी उन्हाळी पाहुण्यांवर चालतं, तिथली बरीच हॉटेलं नोव्हेंबर ते मार्च बंद असतात आणि बोटीही कमी, म्हणून ती आत्ता नकोच. ज्या शहरात लोकांचं स्वतःचं बंदर, मार्केट, कॉलेज आहे तिथे जा.

माझं ऐकाल तर एकच देश धरा, स्पेन. मालागा आणि कादिझ, वेळ उरला तर वालेन्सिया (थंडीत तिथली संत्र्याची झाडं लगडलेली असतात). पंधरा दिवसांत पाच देश करणारे लोक बॅगाच उचलत राहतात हो. मालागाच्या पाठीमागे डोंगर आहेत त्यामुळे फेब्रुवारीतही दुपारी १७-१८ डिग्री असतं, स्वेटर काढून उन्हात बसता येतं, समुद्रात पोहणं मात्र विसरा, पाणी १५ डिग्रीच्या आसपास. कादिझ तुम्हाला घरच्यासारखं वाटेल, जुन्या शहराला तिन्ही बाजूंनी समुद्र, आणि ला कालेता नावाच्या छोट्या किनाऱ्यावरून बांधावरून चालत जावं असा पाण्यातला किल्ला. कार्निव्हलही तिथे साधारण फेब्रुवारीतच येतो, टोळ्या सोंगं घेऊन रस्त्यात पुढाऱ्यांची खिल्ली उडवणारी गाणी म्हणतात, अगदी आपल्या शिमग्याची आठवण येते. तारीख दरवर्षी बदलते आणि तेवढे दिवस खोल्यांचे दर चढतात, त्यामुळे आधी बघा आणि मग ठरवा की त्यात जायचं की टाळायचं. मी म्हणेन जा.

मासे भरपूर. पण रविवारी बोटी सहसा जात नाहीत म्हणून सोमवारी मार्केटमधले मासळीचे गाळे बहुतेक बंद, तेव्हा मंगळवारी सकाळी जा. तारल्यांच्या जातीचा सार्डिन त्यांच्याकडे उन्हाळ्यात चरबीला येतो, थंडीत त्याच्या मागे लागू नका, बोकेरोनेस मागा, आपल्या मांदेलीचे भाऊबंदच ते, पिठात घोळवून कुरकुरीत तळतात. माकूलही छान मिळतं. दुपारी दोननंतर 'मेनू देल दिया' म्हणजे त्यांची राईस प्लेट समजा, दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड, एका ठरलेल्या दरात. रात्रीचं जेवण साडेआठच्या आत शोधलंत तर उपाशी राहाल.

एक गोष्ट कळकळीने सांगते. तिकडची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, जमिनीला लाद्या, त्यामुळे बाहेर ऊन आणि आत गारठा. आम्ही बहिणी मालागात स्वस्त खोली घेतली, हीटिंग आहे का विचारलंच नाही आणि दोन रात्री कोट घालून झोपलो. बुकिंग करताना हे लिहून विचारा, आणि जाड मोजे न्या.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला अर्ज केंद्रावर स्वतः जावं लागेल. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, तर गणपती झाले की लगेच लागा, दिवाळीची गर्दी सुरू झाली की तुम्हाला सुचणार नाही. ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आणि होमस्टेचं रजिस्ट्रेशन व इन्कमटॅक्स रिटर्न नीट लावून ठेवा.

प्रश्न: डिसेंबरात मुलाकडे मिलानला जातोय, तिथून आठवडाभर चिंक्वे तेर्रे (समुद्राकाठची ती पाच गावं) बघावं का?
- एक वाचक, गुहागर

उत्तर: डिसेंबरात तिथली बरीच घरगुती लॉजं बंद असतात, पाऊस असला की डोंगरातल्या पायवाटाही बंद करतात. त्यापेक्षा खाली नापोलीला (म्हणजे नेपल्सला) जा. नाताळच्या आधी सान ग्रेगोरिओ आर्मेनो गल्लीत येशूजन्माच्या देखाव्याच्या मूर्ती घडवणारे कारागीर रस्त्याकडेलाच बसलेले दिसतात, आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांची आठवण येते. ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं जवळचं पोम्पेई सकाळीच गाठा, थंडीत शेवटचा प्रवेश साडेतीनला, आणि २५ डिसेंबर, १ जानेवारीला बंद. आणि दोन दिवस जास्त असतील तर नापोलीहून सिसिली बेटावरच्या पालेर्मोची ट्रेन पकडा. तुमची धोपावे-दाभोळ फेरीबोट गाड्या नेते ना, तशी मेसिनाच्या सामुद्रधुनीत डबे वेगळे करून अख्खी ट्रेनच बोटीत चढवतात, तुम्ही डब्यातून उतरून वर डेकवर जाऊ शकता. फक्त दिवसाची गाडी घ्या, रात्रीच्या गाडीत हे सगळं झोपेत निघून जाईल.