पोरगी डासांमागे लागलीय, आता काय करू?

भाऊसाहेब, पत्र चांगलं मोठं लिहिलंत ते बरं केलंत, अडचण मार्कांची नाहीये हे तरी लगेच कळलं.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. निफाड तालुक्यात द्राक्षबाग, मुलीच्या क्लाससाठी पंचवटीत फ्लॅट घेतलेला. लेक नीटला दोनदा बसली, आधी 391 मग 418, त्यानंतर बीएस्सी झूलॉजीला ॲडमिशन घेतलं, आता दुसरं वर्ष. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने सोसायटीच्या टाक्या, कूलर, गच्चीवरचे जुने टायर यातनं अळ्या गोळा केल्या, घरी बरण्यांत वाढवल्या, आणि आता म्हणते डासांवर औषधं का चालेनाशी झालीत यातच मला पुढे शिकायचंय. वडिलांचं म्हणणं, तिसऱ्यांदा नीट दे नाहीतर निदान बीएएमएस तरी कर (तेही नीटमधूनच हो, भाऊसाहेब), कारण "डास मारायच्या शिक्षणाला कोण विचारतं, महापालिकेने दोन महिने नीट धूर मारला तर डासच राहणार नाहीत, मग ही काय करणार?" वर लग्नाच्या बायोडेटात काय लिहायचं हाही प्रश्न आहेच.

डासांचं सांगतेच, पण आधी पत्राच्या मधोमध तुम्ही जे सहज लिहून गेलात ते. दुसऱ्या रिझल्टनंतर ती पंधरा दिवस कुणाशी बोलली नाही, आता सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाही, ताट खोलीत घेऊन जाते, "हट्टीपणा वाढलाय". आणि त्याच्या पुढच्याच ओळीत रिपीटर बॅचला फी किती पडेल असं मला विचारलंय. वीस वर्षांची मुलगी जेवणाच्या वेळी घरातल्यांना टाळत असेल तर त्या जेवणात तिला रोज काहीतरी ऐकून घ्यावं लागतंय, असाच अर्थ मी काढते. बाग विकून शिकवतोय, मामाची पोरगी एमबीबीएसला लागली, हेच ना? तुम्ही वाईट बाप आहात असं मुळीच म्हणत नाही, खरड छाटणीच्या घाईत बाग सोडून तिच्या परीक्षेला जाणारा माणूस वाईट कसा असेल, पण या क्षणी मला तिच्या करिअरपेक्षा तिच्या गप्प बसण्याची काळजी जास्त वाटतेय. एवढ्या मोठ्या पत्रात तिच्या आईचं मत एका शब्दाने नाही, त्यांना विचारा, त्यांना बरंच माहीत असेल. मुलीला आमच्यासारख्या समुपदेशकाशी किंवा डॉक्टरशी बोलावंसं वाटलं तर बोलू द्या, टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि नीटचा विषय घरात बंद. "तिने ठरवलं तर बघू" असा अर्धवट नाही, पूर्ण बंद. कितीही वेळा बसता येतं म्हणून बसवतच राहायचं असा काही नियम नाही. आणि आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला आहे, घरापासून जवळ, म्हणून नीट द्यायची, हे तुम्ही लिहिलेलं कारण तर मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता तो धूर. हे तुम्ही लिहावं याचंच नवल वाटलं, कारण द्राक्षावरच्या थ्रिप्स किडीवर एकच औषध लागोपाठ मारलं की पुढे रिझल्ट येत नाही आणि कृषी सेवा केंद्रवाला "गट बदला" म्हणतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. डासाचं तेच झालंय. लॅम्डा, सायपर ही शेतकऱ्याच्या शेडमधली औषधं पायरेथ्रॉइड गटातली, रात्री प्लगला लावतो त्या लिक्विडमधलं ट्रान्सफ्लुथ्रिनही त्याच गटातलं, आणि जगभर डासांवर फवारतात त्यातलंही बरंचसं तेच. कीटकाच्या नसेत सोडियम आत यायला बारीक दारं असतात, हे औषध त्या दारात जाऊन अडकतं, दार मिटतच नाही, नस सारखी झिणझिणत राहते आणि डास उताणा पडतो. पण काही डासांत त्या दाराची ठेवणच जन्मापासून जरा वेगळी असते, औषधाला तिथे पकड मिळत नाही, फवारणीत बाकीचे मरतात आणि हेच उरतात, मग पुढची सगळी पिल्लावळ यांचीच. आणखी काही डास अंगातल्या एन्झाइमने औषधच तोडून टाकतात. जुनं डीडीटीसुद्धा याच दारावर काम करायचं, त्यामुळे त्याला सरावलेल्या डासांना नवीन गट यायच्या आधीच अर्धी तयारी मिळाली. 2022 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी व्हिएतनाम आणि कंबोडियातल्या एडिस इजिप्तीवर काम छापलं, त्यात पर्मेथ्रिन या त्याच गटातल्या औषधाला जवळपास दादच न देणारे डास निघाले. त्यात हा डेंगूवाला एडिस चावतो दिवसा, बसतो पलंगाखाली नाहीतर लटकवलेल्या कपड्यांमागे, रस्त्यावरचा धूर तिथे पोचत नाही, आणि अंडी कोरड्या टायरला चिकटून कित्येक महिने जिवंत राहतात. तेव्हा दोन महिने धूर मारून डास संपतील हे डोक्यातनं काढून टाका. नुसता धूरच मारत राहिलो तर तुमच्या लेकीला काम कमी पडायचं नाही, उलट वाढेल.

आणि हे नाशिकपुरतंही नाही. एडिस इजिप्ती मूळचा आफ्रिकेचा, माणसांच्या जहाजांबरोबर जगभर गेला. आपल्याकडूनही एक असाच बाहेर गेलाय, ॲनोफिलीस स्टीफेन्साय, शहरातल्या टाक्यांत, बांधकामाच्या पाण्यात वाढणारा आपला मलेरियाचा डास. 2012 साली तो आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला. त्या वर्षी त्या छोट्याशा देशात मलेरियाचे अवघे 27 रुग्ण नोंदले होते, 2020 मध्ये 73 हजारांच्या वर गेले. सगळं खापर एका डासावर फोडता येणार नाही, पण त्याचा वाटा मोठा मानतात. पुढे इथिओपिया, सुदान, नायजेरिया, केनिया, घाना, आणि इथिओपियात तपासला तर एकापेक्षा जास्त गटांच्या औषधांना न जुमानणारा निघाला. तिथले मलेरियावाले खेड्यातल्या, रात्री घरात चावणाऱ्या डासांशी लढायला शिकलेले, शहराच्या टाकीतला डास त्यांना नवा, आपल्याकडे मात्र त्याच्यावर काम करणारी माणसं कित्येक वर्षांपासून आहेत. लेकीला विचारा, टाकीतल्या अळ्या पाण्याला समांतर आडव्या तरंगत होत्या की डोकं खाली करून लटकत होत्या? आडव्या असतील तर ॲनोफिलीस. ती सांगेल, आणि तुमच्याशी मोकळं बोलायला तिला विषयही मिळेल.

आता तिला दोन गोष्टी सांगते, तिलाही वाचायला द्या. बाई गं, या क्षेत्रात जागा थोड्या आहेत. हिवताप विभागात, महापालिकांत कीटकशास्त्रज्ञाची पदं मोजकी, त्यात बऱ्याच कंत्राटी, आणि शास्त्रज्ञ म्हणून टिकायचं तर पीएचडीपर्यंत जावंच लागतं, म्हणजे अजून सात-आठ वर्षं. अळ्या गोळा करायला मजा येते म्हणून निर्णय घेऊ नकोस, पीसीआर (डीएनए तपासायची पद्धत) शीक, स्टॅटिस्टिक्स शीक, त्याचा कंटाळा असेल तर आत्ताच सांग. प्रत्यक्ष काम कसं असतं तर कागदाला ठरावीक डोस लावायचा, रक्त न प्यालेल्या माद्या नळीत तासभर ठेवायच्या, 24 तासांनी मेलेल्या मोजायच्या, 98 टक्के किंवा जास्त मेल्या तर औषध चालतंय, 90 च्या खाली आल्या तर डास सरावलेत, आणि हे शेकडो वेळा न कंटाळता. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या लॅबमध्ये महिनाभर हे करून बघ, मग ठरव.

रस्ते तसे सरळ आहेत: झूलॉजीत एमएस्सी, कीटकशास्त्र स्पेशल घेऊन, किंवा पुद्दुचेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमधली पब्लिक हेल्थ एन्टॉमॉलॉजीची एमएस्सी, मग सीएसआयआर नेट ही परीक्षा, त्यातून जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर सध्या महिना 37 हजार. पुण्याला एनआयव्ही ही विषाणू संशोधन संस्था आहे, दिल्लीला मलेरिया संशोधन संस्था आहे, कॉइल आणि लिक्विड बनवणाऱ्या कंपन्यांनाही अशी माणसं लागतात.

बायोडेटात "एमएस्सी, संशोधन" लिहा, भाऊसाहेब. ज्याला ते चालत नाही त्या घरी मुलगी द्यायचीच कशाला?

रिपीटर बॅचसाठी बाजूला काढलेले पैसे एमएस्सीच्या हॉस्टेलसाठी ठेवा. आणि त्या बरण्यांना आजच्या आज बारीक जाळी बांधायला सांगा, अळीचा कोष झाला की दोन दिवसांत डास बाहेर येतो, सोसायटीत कुणाला डेंगू झाला तर सेक्रेटरी आधी तुमच्याच दाराशी येईल.