तीव्रता सोडा, ‘मागे’ म्हणा की

भाचा इथंच सोलापुरात सात रस्त्याजवळ एका अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करतो. परवा रात्री त्याचा मेसेज, "मामा, ‘भारत २०३० पर्यंत उत्सर्जन तीव्रता ४५ टक्क्यांनी कमी करणार’ याचा अर्थ मी ‘प्रदूषण ४५ टक्क्यांनी कमी होणार’ असा लिहिला तर सर चूक म्हणलालेत. तीव्रता कमी म्हणजे प्रदूषण कमीच की ओ?"

सर बरोबर आहेत, पण पोरालाही मी दोष देत नाही, घोळ शब्दातच आहे. तीव्रता म्हटलं की मराठी माणसाला काय आठवतं, मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन, नाहीतर भूकंप, नाहीतर दाढदुखी. एखादी गोष्ट किती जोरात आहे ते तीव्रता सांगते, ती उतरली म्हणजे ती गोष्टच उतरली. इंग्रजी इंटेन्सिटीला मात्र अर्थशास्त्रात वेगळाच अर्थ चिकटलाय, तिथं तो सरळसरळ भागाकार आहे. देशाचं वर्षभराचं उत्सर्जन (हवेत सोडलेले, हवा तापवणारे वायू) वर, जीडीपी (देशाचं वर्षभराचं एकूण उत्पादन) खाली. भाषांतर करणाऱ्यानं कोशातला पहिला शब्द उचलला आणि भागाकार गेला उडून.

म्हणून मी त्याला लिहिलं: हे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागवाल्याला सांगायचं तर कसं सांगशील बघ. समज त्याचे टॉवेलचे माग आहेत, जुन्या मोटरवर शंभर टॉवेलांना शंभर युनिट जळायचे. (आकडे मनचे आहेत, हिशोब सोपा व्हावा म्हणून.) मोटरी बदलल्या, एअर लीकेज बंद केलं, आता शंभर टॉवेलांना पंचावन्नच युनिट लागतात. म्हणजे टॉवेलामागे वीज ४५ टक्क्यांनी घटली, खरंय. पण धंदा वाढला, आता तो तीनशे टॉवेल काढतोय, तर युनिट झाले एकशे पासष्ट. बिल कमी झालं का, नाही, वाढलं. तरी तो खोटं बोलत नाहीये. देशाचं तसंच, जीडीपी वाढत जाणार हे धरूनच भारतानं जगाला ते वचन दिलंय, म्हणून एकूण उत्सर्जन काही वर्षं वाढलं तरी हे टार्गेट पूर्ण होऊ शकतं. आणि ४५ टक्के कशाच्या तुलनेत, तर २००५ सालच्या, हे पण पेपरात लिहायचं, बरेच जण ते विसरतात. २०१५ ला आपण ३३ ते ३५ टक्के म्हटलं होतं, ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये ४५ वर नेलं.

गंमत अशी की या भागाकाराला मराठीत शब्द नाही असं अजिबात नाही. माणशी दोन भाकऱ्या, एकरी किती टन ऊस, शेकडा किती व्याज, दरडोई उत्पन्न, मागामागे रोजचे किती टॉवेल (या दोन मागांचा एकमेकांशी संबंध नाही, पण कानाला मजा वाटते). आपल्या आज्ज्या हे रोज बोलायच्या आणि कुणाचा कधी गैरसमज झाला नाही. मग ‘जीडीपीमागे उत्सर्जन’ म्हणायला काय हरकत आहे? जरा घरगुती वाटतं, सरकारी कागदाला शोभत नाही, एवढंच. माझ्या मते शोभेपेक्षा कळणं महत्त्वाचं.

दुसरा असाच फसवा शब्द क्षमता. त्याच वचनात आहे की २०३० पर्यंत वीज बनवायच्या स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के जीवाश्म इंधन (कोळसा, तेल, गॅस) सोडून असेल. ते ५० टक्के २०२५ च्या मध्यालाच गाठले, पाच वर्षं आधी, आणि लगेच व्हॉट्सअॅपवर फिरायला लागलं की आता निम्मी वीज सूर्याची. नाही बाबा. एक तर त्यात मोठी धरणं आणि अणुवीज पण धरलेली आहे. दुसरं म्हणजे क्षमता म्हणजे किती माग बसवलेत, कापड किती निघालं ते नव्हे. आहेरवाडी-फताटेवाडीचा कोळशाचा प्रकल्प १३२० मेगावॅटचा, ६६० चे दोन संच, तो रात्री पण चालतो. तेवढ्याच मेगावॅटचे सोलर पॅनल मांडले तर रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळ सगळं धरून वर्षाची सरासरी क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास पडते, फार तर चौथ्या. म्हणून निम्मी क्षमता जीवाश्म इंधनाबाहेरची झाली तरी देशातली बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे.

बरं, क्षमतेला क्षमता म्हणून झालं की एफिशियन्सीला काय म्हणणार? हिंदीत दक्षता. आपल्याकडे दक्षता समिती रेशन दुकानावर लक्ष ठेवते, त्यामुळं ‘ऊर्जा दक्षता’ वाचून मला पहिल्यांदा वाटलं की वीजचोरी पकडणारं पथक असेल. संस्कृतात दक्ष म्हणजे कुशल, हिंदीनं तो अर्थ ठेवला, आपण तो सावध राहण्याकडे वळवला. मराठीत कार्यक्षमता म्हणावं. डोळ्यासमोर आणायचं असेल तर पंख्यावरचं स्टार लेबल बघ, जुना पंखा पंचाहत्तर वॅट खायचा, नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा) तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. साखर कारखान्यावर उतारा म्हणतात ना, टनामागे किती साखर, तोच विचार. तिथं पण परत मागे आलंच.

भारतानं २०७० साठी ठरवलेल्या ‘निव्वळ शून्य’ उत्सर्जनाबद्दल विचारलं नाहीस, पण सांगून टाकतो. निव्वळ नफा, निव्वळ वजन यातला निव्वळ तो, म्हणजे जेवढं सोडलं तेवढंच झाडांनी वगैरे शोषलं की वजाबाकी शून्य. पण बोलताना आपण निव्वळ मूर्खपणा म्हणतो, त्यामुळं मी घरात मोठ्यानं वाचलं तर आई म्हणाली, पेपरात कुणाला पडलं ओ?

तर पेपरात ‘उत्सर्जन तीव्रता’ हा शब्द ठेव, पुस्तकात तोच आहे आणि तपासणाऱ्याला तोच दिसायला पाहिजे, पण पुढच्याच ओळीत लिही: म्हणजे जीडीपीच्या प्रत्येक एककामागे होणारं उत्सर्जन, २००५ च्या तुलनेत. आणि सरांना म्हणावं, पुढच्या वेळी नुसती फुली मारू नका, टॉवेलाचा हिशोब सांगा.