हाफ इंजिन करण्याआधी एस्टीमची एवढी तपासणी करून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासऱ्यांची 2004 ची मारुती एस्टीम तुमच्याकडे आली आहे, मीटरवर 1 लाख 38 हजार किलोमीटर आहेत, रोज सकाळी गाडी चालू केली की मागून निळसर धूर येतो. गॅरेजवाला म्हणतो इंजिन बसलंय, हाफ इंजिन करा (म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदला), 45 हजार लागतील. करावं, की मिळतील ते पैसे घेऊन गाडी देऊन टाकावी?

आत्ताच दोन्ही करू नका. सकाळी एकदाच धूर येऊन थांबत असेल तर दोष पिस्टन-रिंगांचा नसून हेडमधल्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातल्या, रबराच्या सोळा टोप्यांचा असण्याची शक्यता जास्त. त्यांना व्हॉल्व्ह सील म्हणतात. त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवणं म्हणजे कौल फुटला म्हणून घर पाडण्यातला प्रकार.

मी हे छातीठोकपणे सांगतोय कारण माझ्याकडे 2003 ची एस्टीम आहे. 2011 मध्ये 74 हजारांवर जुनी घेतली, आज 2 लाख 31 हजार झालेत. मी मेकॅनिक नाही, पण इतकी वर्षं गॅरेजच्या बाकड्यावर बसून चहा पिताना जे दिसलं ते सांगतो. हेड एकदा उघडावं लागलं (तेही माझ्याच मूर्खपणामुळे, ते पुढे येईल), खालची बाजू आजवर उघडलेली नाही.

हे इंजिन सुझुकीच्या जी13 कुटुंबातलं. 1298 सीसी, चार सिलिंडर, ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) ॲल्युमिनियमचा आणि आत बिडाचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ते नळे. सुरुवातीच्या एस्टीमला कार्ब्युरेटर आणि 8 व्हॉल्व्ह होते, तुमच्या 2004 च्या गाडीत 16 व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी यंत्रणा) आहे, 85 अश्वशक्तीचं. हेच इंजिन थोड्याफार फरकाने जिप्सी किंगमध्ये होतं, वर्सात होतं आणि 2005 साली आलेल्या पहिल्या स्विफ्ट पेट्रोललाही हेच होतं. एस्टीम 2007 मध्ये बंद झाली, पण जिप्सी 2019 पर्यंत निघत होती. त्यामुळे आजही गॅस्केट, सील, बेल्ट, पंप यासाठी भंगार बाजार पालथा घालावा लागत नाही. (दरवाज्याचं हँडल आणि मागचे दिवे मात्र शोधावे लागतील, त्याची मानसिक तयारी ठेवा.)

आता धूर. रात्रभर गाडी उभी असताना हेडमधलं ऑइल, कडक झालेल्या सीलमधून थेंब थेंब व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली उतरतं. सकाळी सेल्फ मारला की ते जळतं, एक भपकारा येतो आणि मिनिटाभरात सगळं स्वच्छ. याची आणखी एक खूण म्हणजे लांब घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, आत व्हॅक्यूम वाढतो, ऑइल ओढलं जातं आणि पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की आरशात निळा ढग दिसतो. रिंगा गेलेल्या असतील तर चित्र वेगळं असतं. चढावर, लोड घेताना सतत धूर येतो, पिकअप मेलेला असतो, आणि चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण काढलं की तिथून भकभक हवा बाहेर येते. थंडीतल्या सकाळी दिसणारी पांढरी वाफ यात मोजू नका, ती बिचारी निरुपद्रवी. पण इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि कूलंटची पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचा, संशय घ्यायचा.

अंदाजावर 45 हजार देण्यापेक्षा कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची मोजणी, करून घ्या. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, पेट्रोल आणि स्पार्क बंद ठेवायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहायचा. या इंजिनचा चांगला आकडा साधारण 14 किलो (दर चौरस सेंटिमीटरला), म्हणजे 200 पीएसआयच्या आसपास. 12 च्या खाली गेला तर काळजी, आणि चौघांमध्ये एका किलोपेक्षा जास्त फरक असेल तरी काळजी. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. हे न करता जो ‘इंजिन बसलं’ म्हणतो, त्याला फक्त विचारा, ‘कोणत्या सिलिंडरचं?’

ऑइल किती खातं तेही मोजा. डिपस्टिकवर खूण लक्षात ठेवून 1000 किलोमीटर चालवा. अर्धा लिटर लागलं तर या वयाच्या गाडीला मी माफ करतो, लिटरच्या वर गेलं तर काम काढावंच लागेल. तोवर कुणी ‘घट्ट ऑइल टाकू, धूर बंद होईल’ म्हणालं तर नको म्हणा. धूर कमी दिसतो खरा, पण सकाळी पहिल्या काही सेकंदांत ते ऑइल वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि झीज नेमकी त्याच सेकंदांत होते.

पण खरं सांगू का, तुमच्या धुरापेक्षा मला तुमच्या रेडिएटरची जास्त काळजी वाटते. ही इंजिनं ऑइलपायी क्वचित मरतात, पाण्यापायी मरतात. ॲल्युमिनियमचं हेड एकदा सणकून तापलं की वाकतं, आणि हेड वाकलं की गॅस्केट गेलंच. माझं असंच गेलं. 2016 चा मे महिना, पुण्याहून कराडला येत होतो. खंबाटकी घाट चढताना एसी चालू, पुढे ट्रकची रांग, आणि तापमानाचा काटा हलायला लागला. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी चिरली होती. मी काय करावं? ‘माथा तीन किलोमीटरवर आहे, वर जाऊन बघू’ असं स्वतःला सांगितलं. माथ्यावर थांबलो तेव्हा काटा परत खाली आला होता आणि मला हायसं वाटलं! टाकीत पाणीच उरलं नव्हतं, त्यामुळे सेन्सरला लागायला काही नव्हतं, म्हणून काटा खाली. दुसऱ्या दिवशी डिपस्टिक काढली तर ऑइलच्या जागी दुधाळ चहा, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलं होतं. हेड उतरवलं, लेथवर फेस मारून (वाकलेला पृष्ठभाग सपाट करून) घेतला, त्याच वेळी सोळाही सील बदलले. सगळं मिळून 11 हजार गेले. तेव्हापासून काटा मध्याच्या वर एक रेष जरी गेला तरी मी जागच्या जागी बाजूला घेऊन किल्ली बंद करतो, मागचे कितीही हॉर्न मारोत.

हेड उतरवलं तेव्हा आणखी एक शोध लागला. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. ही आपल्याकडची जुनी खोड आहे. गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट उपटून फेकायचा. तो 82-88 अंशांना उघडणारा, कूलंटच्या वाटेवरचा साधा दरवाजा आहे. तो नसला की इंजिन गरम व्हायलाच तयार होत नाही, इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतं अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज कोसळतो आणि जास्तीचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. मी पाच वर्षं ‘जुनी गाडी, 11 चाच ॲव्हरेज देणार’ म्हणून समाधान मानत होतो. थर्मोस्टॅट बसवल्यावर हायवेला 15 मिळायला लागला.

थंड इंजिनवर (गरम असताना अजिबात नाही, हात भाजेल) रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट बुडवा. हिरवं किंवा लाल स्वच्छ कूलंट लागलं तर सासऱ्यांचे आभार माना. तांबूस गढूळ पाणी आणि बोटाला गाळ लागला तर वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं गेलंय. बादलीत, गिझरमध्ये जो पांढरा क्षार बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. फ्लश करा, कूलंट डिस्टिल्ड पाण्यात भरा, झाकण नवीन घ्या, कारण स्प्रिंग सैल झालं की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. वरखालचे होज पाइप दाबून पाहा, बिस्किटासारखे कडक किंवा भिजल्यासारखे मऊ झाले असतील तर बदला. फॅन आपोआप लागतो की कुणी डॅशबोर्डखाली वेगळं बटण जोडून ठेवलंय, तेही बघा.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद आहे? नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला. किलोमीटर कमी असले तरी रबर वर्षांनीही म्हातारं होतं. चालत्या गाडीत तुटला तर गाडी जिथल्या तिथे बंद, आणि व्हॉल्व्हही सोबत गेले का हे पाहण्याचा प्रयोग कुणी करू नये. बेल्टबरोबर टेन्शनर, कॅम-क्रँकचे ऑइल सील आणि वॉटर पंपही बदलून घ्या, कारण पंपापर्यंत पोचायला बेल्ट उघडावाच लागतो. दोनदा मजुरी कशाला?

पेट्रोलचं आता दुखणं वेगळंच आहे. पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि 2004 ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. आमच्या उसाच्या पट्ट्यात इथेनॉलला नावं ठेवायची चोरी, पण नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच अशा जुन्या चारचाकींचा ॲव्हरेज 6-7 टक्क्यांनी घटेल असं म्हटलंय. त्यापेक्षा भीती जुन्या रबराची. पेट्रोलचे होज एकदा सगळे नवीन टाका. इंजिनजवळ पेट्रोलचा वास आला तर उद्यावर ढकलू नका. आणि टाकी भरून गाडी दोन-दोन महिने उभी ठेवू नका, तशा उभ्या गाडीत उंदीरही संसार थाटतात. माझ्या इंजेक्टरची वायर त्यांनीच खाल्ली होती.

बाकी प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, टॅपेट सेटिंग ही नेहमीची कामं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

विकायचीच म्हटलं तर एवढ्या जुन्या गाडीला भंगाराच्या आसपासच भाव येईल. ठेवायची असेल तर आरसी बुकावरची तारीख बघा. तुमच्या 2004 च्या गाडीला 15 वर्षं झाल्यावर, म्हणजे 2019 नंतर, दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या कारचं शुल्क 10,000 रुपये झालंय, पर्यावरण कर वेगळा. गाडी सासऱ्यांच्या नावावरच असेल तर ते हस्तांतरणाचं कामही याच फेरीत उरकून घ्या. बॉडीला खालून गंज लागलेला असेल तर मात्र इंजिन कितीही चांगलं निघालं तरी मी गाडी ठेवणार नाही. फ्लोअर आणि सस्पेन्शनचे जोड गाडी वर घेऊन स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

रविवारी कॉम्प्रेशनचे चार आकडे घ्या आणि इथे खाली लिहा. त्याआधी रेडिएटरचं झाकण.